ड्रॅगन नव्हे, सिंह. आणि त्याचे मागचे दोन पाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात एका स्नेहसंमेलनाच्या बातमीसोबत छापलेल्या छायाचित्राखाली ‘विद्यार्थ्यांनी सादर केलेले चिनी ड्रॅगन नृत्य’ अशी ओळ होती. छायाचित्रात मात्र चक्क सिंह होता. कपाळावर आरसा, त्यावर शिंग, झुबकेदार भुवया आणि कापडाखाली दोन मुले. चूक एकट्या बातमीदाराची म्हणता येणार नाही. मिरवणुकीत असे सोंग आले की ध्वनिक्षेपकावरूनही ‘ड्रॅगन’ म्हणूनच पुकारा होतो. ओळखायची खूण सोपी आहे. ड्रॅगन काठ्यांवर नाचवतात. नऊ किंवा त्याहून जास्त माणसे एकेक काठी धरून त्याला एका गोल मण्यामागे पळवतात आणि ती माणसे उघड दिसतात. सिंहात माणसे दोनच, दोघेही आत. बाहेर दिसतात ते चार पाय. काठ्या दिसल्या तर ड्रॅगन, पाय दिसले तर सिंह.

नुसत्या नावासाठी एवढे लांब पत्र लिहिले नसते. सांगली-सातारा भागातल्या शाळा, तालमी आणि मंडळांना हे नृत्य बसवावेसे वाटते आहे, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण बहुतेक ठिकाणी सगळा पैसा आणि सगळे लक्ष सिंहाच्या डोक्यावर जाते. तयार डोके मागवायचे, कापड जोडायचे, मोबाईलवर एखादी धून लावायची आणि आठवडाभराच्या तालमीवर मुलांना रंगमंचावर सोडायचे. मग सिंह उभाच राहत नाही, कापडात गुंतलेली दोन मुले तेवढी दिसतात. हा सिंह उभा राहतो मागच्या गड्याच्या पायांवर आणि वाजवणाऱ्याच्या नजरेवर. डोके त्यानंतर.

मुळाविषयी थोडे. सिंह चीनच्या रानातला प्राणी नाही. तो तिथे पश्चिमेकडच्या राजांच्या नजराण्यांतून पोचला, आणि त्याहून खोलवर पोचला तो बौद्ध धर्माबरोबर. बुद्धाला शाक्यसिंह म्हणतात, त्याच्या उपदेशाला सिंहनाद, आणि मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहन सिंहच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरचा सिंहस्तंभ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नाते समजावून सांगायला नको. उजाड झालेले लोयांग हे जुने राजधानीचे शहर इ.स. 547 मध्ये पाहून यांग शुआनझी या अधिकाऱ्याने तिथल्या विहारांचे वर्णन लिहून ठेवले. त्यात छांगछिऊ विहाराची मिरवणूक आहे. चौथ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी बुद्धमूर्ती बाहेर निघे आणि तिच्यापुढे अनिष्ट पळवून लावणारे सिंह चालत. तलवार गिळणारे, तोंडातून आग काढणारे कसबी लोकही त्यात असत. बघ्यांची गर्दी इतकी होई की चेंगरून माणसे दगावत. पुढे थांग राजवटीत दरबारात पाच दिशांचे पाच सिंह नाचू लागले. प्रत्येक सिंह दहा फुटांच्या आसपास उंच, पाचांचे पाच रंग, प्रत्येकासोबत लाल पट्टी बांधलेले बारा जण आणि गायला 140 माणसे. त्याच काळातल्या बाई ज्युयी या कवीने सिंहाचे वर्णन केले आहे: लाकडात कोरलेले डोके, रेशमी धाग्यांची शेपटी, सोन्याचा मुलामा दिलेले डोळे, चांदीने मढवलेले दात. चीनने 2006 मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाची पहिली यादी काढली, त्यात सिंहनृत्य आहे.

लोकांत रुजलेली कथा क्वानयिनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या चिनी रूपाची. स्वर्गातल्या सिंहाने खोड्या करून स्वर्गाच्या राजाला, जेड सम्राटाला, इतके सतावले की सम्राटाने त्याचे मुंडके उडवून दोन्ही तुकडे खाली पृथ्वीवर फेकले. क्वानयिनला दया आली. तिने लाल फितीने मुंडके धडाला बांधले आणि सिंहाला पुन्हा उठवले. शिंगाला बांधलेली लाल फीत दिसते ती ही. सजावटीत रंग जुळत नाही म्हणून तिच्या जागी निळी किंवा सोनेरी फीत लावली, की कथाच पुसली गेली. कपाळावरचा आरसाही असाच अर्थाचा आहे. दुष्ट शक्तीला त्यात आपलेच रूप दिसते आणि ती पळते, अशी समजूत आहे. तिथे चमकीचा कागद चिकटवू नये.

सिंहापुढे हातात ताडाच्या पानाचा पंखा घेऊन एक मोठ्या मुखवट्याचा हसरा भिक्षू नाचतो. चिनी भाषेत त्याला ‘मोठ्या डोक्याचा बुद्ध’ म्हणतात. आमची कळकळीची विनंती आहे की मराठीत निवेदन करताना ‘बुद्ध’ हा शब्द इथे वापरू नये. तो गौतम बुद्ध नाही. सिंहाला माणसाळवणारा एक खेळकर भिक्षू आहे. आपल्याकडे घराघरांत बुद्धवंदना होते. तिथे थट्टेखोर मुखवट्याला हे नाव दिले तर लोक दुखावणारच, आणि त्यात अर्थाचा अनर्थही होतो. ‘हसरा भिक्षू’ म्हणावे. त्याला कोलांट्या मारणारा विदूषक करू नये. त्याचे काम जबाबदारीचे आहे. डोक्याच्या आतल्या मुलाला तोंडाच्या फटीतून समोरची जेमतेम पाच-सात फूट जमीन दिसते आणि मागच्याला तर पुढच्याच्या टाचाच दिसतात. रंगमंचाची कड, वायर, पायात आलेले लहान मूल हे सगळे या भिक्षूने पाहायचे आणि पंख्याच्या इशाऱ्याने सिंहाला वळवायचे. म्हणून हे काम उरल्यासुरल्या मुलाला न देता सगळ्यांत सावध मुलाला द्यावे.

डोके इथे बनवता येते. कुशल बुरूड असेल तर ते उत्तम बनते. दक्षिण चीनमधल्या फोशान शहरातल्या कारागिरांची रीत चार टप्प्यांची आहे: सांगाडा बांधणे, कागद चढवणे, रंगवणे आणि सजवणे. सांगाड्याला पूर्ण जून झालेल्या बांबूच्याच कामट्या घ्याव्यात. कोवळ्या बांबूच्या कामट्या वाळताना आक्रसतात, सुतळीच्या गाठी सैल पडतात आणि महिनाभरात जबडा एका बाजूला झुकतो. कागद खळीने थरावर थर चढवायचा, पण आधीचा थर खडखडीत वाळल्याशिवाय पुढचा नाही. पावसाळ्यात घाई केली की आतला थर ओला राहतो, बुरशी धरते आणि वरून रंग पापुद्र्यासारखा सुटतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची आपली जुनी पद्धत आहे, पण हे डोके मुलांच्या नाकातोंडाशी येते. इथे मोरचूद नको. खळ ताजी करावी आणि उन्हात वाळवावे. जुन्या घाटाचे डोके चार-पाच किलोंपर्यंत भरते, आताची हलकी डोकी सुमारे दोन किलोंची असतात. शाळेतल्या मुलांसाठी दोनच्या वर जाऊ नये. आत आडव्या दांड्याला पकड हवी. पापण्यांची आणि कानांची दोरी बोटाला सहज लागेल अशी बांधावी. दोरी कडक झाली तर मुलगा ती ओढायला संपूर्ण हात हलवतो आणि सिंहाचे डोळे मिचकावण्याऐवजी मानच लचकते.

अंगाचे कापड सुती असावे, सात-आठ फूट लांब. सॅटिन दिसायला छान, पण एप्रिलच्या सांगलीत त्याच्या आत तीन मिनिटांत घेरी येते. कापड लांब झाले तर मागच्याच्या पायात येते, आखूड झाले तर त्याची पाठ उघडी पडते. संपूर्ण पांढरा सिंह आनंदाच्या प्रसंगी आणत नाहीत, तो दुखवट्याचा मानतात. पिवळा, लाल आणि काळा हे तीन रंग चीनच्या इतिहासातल्या ‘तीन राज्ये’ या काळातल्या ल्यू बेई, ग्वान यू आणि झांग फेई या वीरांचे आहेत. त्यातला काळा लढाऊ, तापट. त्याने लाडात येऊन प्रेक्षकांच्या मांडीवर डोके ठेवायचे नसते.

आता मुख्य गोष्ट, पायांची. उभे राहण्याचा पाया म्हणजे चौरस पवित्रा. पायांत खांद्याच्या दुप्पट अंतर, पावले समोर, गुडघे पावलांच्या रेषेत, मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर. भरतनाट्यम शिकलेल्या मुली इथे नकळत अरमंडी घेतात, म्हणजे पावले बाहेर वळतात. दिसायला फरक थोडा, पण उडीच्या वेळी पुढच्याचे पाय मागच्याच्या मांड्यांवर पडतात तेव्हा बाहेर उतरलेल्या मांडीवरून ते घसरतात. तालमीतल्या पोरांचे बरे असते. बैठकांनी त्यांच्या मांड्या तयार असतात आणि पवित्र्यात राहणे त्यांच्या अंगात मुरलेले असते. सुरुवातीला हा पवित्रा एक मिनिट टिकला तरी पुष्कळ झाले. तीन मिनिटांपर्यंत नेईस्तोवर डोके हातात द्यायचे नाही.

पहिला महिना डोक्याशिवायच काढावा. पुढच्याने दोन्ही हातांत एखादी बुट्टी डोक्याच्या उंचीवर धरून चालावे. खांदे भरून येतात, मुले कुरकुरतात, पण खांदा तयार होतो तो याच दिवसांत. मागच्याने कमरेतून वाकून पाठ फळीसारखी सपाट ठेवायची आणि पुढच्याच्या कमरेचा रुंद पट्टा दोन्ही बाजूंनी पकडायचा. पट्टाच. सदरा किंवा चड्डीची नाडी धरली की पहिल्या उडीला फाटते. मागच्याच्या तीन खोडी नेहमीच्या आहेत. दमला की तो पुढच्याच्या पाठीवर डोके टेकवतो, त्याने पुढच्याचा तोल जातो. कंबर भरली की तो सरळ होतो आणि सिंहाच्या पाठीवर उंटाची मदार उभी राहते. तिसरी खोड पावलांची. पुढचा उजवा पाय टाकतो तेव्हा मागच्यानेही उजवाच टाकायचा. डावा पडला की टाचेवर पाय पडतो आणि दोघेही कोसळतात. म्हणून आरंभी दोघांच्या उजव्या घोट्याला एकसारखे घुंगरू बांधावे. दोन घुंगरांचा एक आवाज आला तर पाय जुळले, फुटून दोन आले तर पुन्हा पहिल्यापासून.

उडीची तालीम रंगमंचाच्या फळ्यांवर किंवा शहाबादी फरशीवर कदापि करू नये. आखाड्याची मऊ केलेली माती किंवा जाड गादी हवी, आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा. पुढचा मुलगा हलका, मागचा दणकट, दोघांत दहा-बारा किलोंचा फरक असला तर काम सोपे जाते. आधी मागचा पाय रोवतो, पट्ट्यावरची मूठ घट्ट करतो. पुढचा दोन्ही पायांवर वाकून सरळ वर उडतो. मागचा त्याच क्षणी त्याला आपल्या छातीकडे ओढून घेतो आणि स्वतः किंचित मागे रेलतो. पुढच्याची पावले मांडीच्या मधोमध पडली पाहिजेत. गुडघ्याच्या वाटीवर पडली तर मागच्याचा गुडघा कामातून जाईल. बहुतेक अपघात दोन कारणांनी होतात. एक, पुढचा घाबरून पुढे झेपावतो, मग त्याला कितीही ओढले तरी तो तोंडावर जातो. दुसरे, मागचा मांड्या न वापरता नुसत्या पाठीने उचलतो. त्या क्षणी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी वाकता येत नाही. इशारा तोंडी नको, वाद्यांत ऐकू येत नाही. आधी ठरवून पट्ट्याला दोन हिसके, तिसऱ्याला उडी. मलेशियातल्या संघांप्रमाणे उंच लोखंडी खांबांवर उड्या मारण्याचा विचार शाळांनी मनातही आणू नये. तिथले खेळाडू त्यासाठी वर्षानुवर्षे रोज घाम गाळतात.

डोक्याच्या हालचालींविषयी एकच सांगतो: सतत हलवू नका. या परंपरेत सिंहाचे आठ भाव मानतात: हर्ष, क्रोध, शोक, आनंद, चलन, स्तब्धता, दचकणे आणि शंका. नवशिक्या मुलांना त्यातले एकच येते, चलन. सिंह काही पाहतो तेव्हा आधी पापणी हलते, मग कान, मग मान, सर्वांत शेवटी पाय. हा क्रम उलटा झाला, पाय आधी गेले आणि डोके मागून आले, तर जनावर जिवंत वाटत नाही. स्तब्धतेतही डोके श्वासाइतके वर-खाली होत राहिले पाहिजे.

वाजवणे हे या नृत्याचे अर्धे अंग आहे. एक मोठा ढोल, एक मोठी थाळीसारखी घंटा आणि झांजांचे तीन-चार जोड एवढाच ताफा असतो. घंटा ठेका धरते, झांजा ढोलाच्या मागून जातात आणि ढोलवाला सिंहाच्या डोक्यावरची नजर काढत नाही. सिंह शंकेने थबकला की ढोल कडेवर टकटक करतो, सिंह दचकला की एक जोरदार थाप, झेपेपूर्वी दोन्ही काड्यांची भरगच्च झड. म्हणूनच मोबाईलवरची धून इथे चालत नाही. धून सिंहाकडे पाहत नाही. मुलाचा पाय अडखळला, उडीला दोन क्षण जास्त लागले, तर ढोलवाला थांबून सांभाळून घेतो. धून पुढे निघून जाते.

इथे आपल्या भागाची मोठी पुंजी आहे. कुस्तीच्या फडात हलगीवाला जोडीकडे बघून वाजवतो. पकड बसली की त्याचा हात चढतो, पैलवान खडाखडी करत फिरू लागले की उतरतो. सिंहाच्या ढोलवाल्याला नेमकी हीच नजर लागते आणि ती शिकवायला वर्षे जातात. असा हलगीवाला बोलवा. फक्त वाद्य बदलावे लागेल, कारण हलगीचा आवाज टिपेचा, कोरडा. सिंहाच्या चालीला पोटातून येणारा नाद हवा. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचे वाद्य देवळातला नगारा. एकाच तोंडाला कातडे, दोन काड्यांनी वाजवायचे, कडेवर टकटकही करता येते. पथकातला मोठा ढोल दोन तोंडांचा आणि एका हातात टिपरू घेऊन वाजवायचा, त्यावर दोन काड्यांची बारीक झड निघत नाही. झांजांसाठी आपले कैताळ चालेल. फोशान ढंगात तीन ताऱ्यांचा आणि त्याच प्रांतातल्या हशानच्या ढंगात सात ताऱ्यांचा ठेका प्रसिद्ध आहे. सुरुवात तिनाच्या ठेक्यापासून करावी.

खेळाचा गाभा ‘हिरवे तोडणे’ हा प्रसंग. दारावर लेट्यूसची जुडी टांगतात, आत लाल पाकिटात बिदागी. लेट्यूसला चिनी भाषेत जो शब्द आहे, तोच ‘धन येणे’ या अर्थाच्या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून ती भाजी. झोपलेला सिंह जागा होतो, अंग चाटतो, तीन वेळा नमस्कार करतो, मग त्याला जुडी दिसते. तो लगेच खात नाही. जवळ जातो, मागे सरतो, पुन्हा जातो, पंज्याने चाचपतो. ही शंका तीन वेळा दिसली पाहिजे. आपल्याकडच्या सादरीकरणात नेमकी हीच कापतात आणि सिंह बकरीसारखा थेट भाजीवर पडतो. खाल्ल्यावर चावण्याचा अभिनय, मग पाने लोकांवर उधळायची, पाकीट आत ठेवायचे. लेट्यूस मिळाले नाही तर मेथीची सैल जुडी घ्यावी. कोबी नको, डोक्याच्या आत एका हाताने तो फाडता येत नाही. हा सगळा प्रसंग मुलांकडून सहा-सात मिनिटांपेक्षा लांबवू नये. आणि कागदी डोक्याजवळ फटाके नकोत. चीनमध्ये वाजवतात हे खरे, पण तिथे पाण्याची बादली आणि सरावलेली माणसे हाताशी असतात.

नव्या सिंहाचे डोळे आधी मिटलेलेच मानतात. पाहुण्याने लाल रंगाचा कुंचला टेकवून ते ‘उघडायचे’ असतात. मूर्तीचे नेत्रोन्मीलन जिथे होते त्या आपल्या लोकांना हा विधी परका वाटणार नाही. उद्घाटनाला फीत कापण्याऐवजी शाळांनी तो ठेवावा, दोन मिनिटांत होतो.

शेवटी आपल्याकडे एक मागणे. पुढच्या वेळी असे छायाचित्र छापाल तेव्हा ‘सिंहनृत्य’ लिहावे, आणि दोन्ही मुलांची नावे द्यावीत. डोके काढून समोर हसणाऱ्या मुलाचे नाव येते. पाठ मोडेस्तोवर वाकून त्याला उचलणारा कापडाखालीच राहतो आणि त्याच्या घरचे पेपरात त्याचे नाव शोधत बसतात.

आपले,
नृत्य आणि तालवाद्ये शिकवणारे काही शिक्षक,
सांगली